किनारीतलं नाव

सुरतेला जाते म्हटल्यावर आमच्या दिग्रसच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईने मला साडीची फर्माईश केली. कुणाला जरीची हवी, कुणाला रोजच्या वापराची, कुणाला "तुम्हीच बघा चांगलीशी, तुम्ही शिवणक्लासवाल्या, तुम्हाला कळतं." मी एकही आणली नाही. का नाही आणली ते सांगायला लागले की ऐकणारी अर्ध्यातच भाजी करपेल म्हणून उठते. म्हणून शेवटी लिहून काढते आहे.

जायचं कारण होतं माझा धाकटा भाऊ सुदाम. तो सुरतेत जॉबर आहे, म्हणजे कारागीर लूम चालवतात आणि लूम रुसला की त्याची समजूत काढायला सुदामला हाक जाते. मिसरूड फुटायच्या आधी गेला, आता चष्मा लागला. गेल्या वर्षी आमची आई त्याच्याच घरी वारली. आम्ही बौद्ध. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एकाच जागी मुक्काम, संपला की त्यांना चीवराचं, म्हणजे अंगावरच्या वस्त्राचं, कापड देण्याचा रिवाज आमच्यात आहे, आणि सुदामचा फोन आला तो त्यासाठीच.

"ताई, दिवाळीच्या सुट्टीत ये. आईच्या नावानं चीवरदान करतो. कापड इकत आनत नाही, मी सोता इनतो."

आता बघा, आमच्या गावात लोक चीवरदान करतात ते दुकानातून तयार पाकीट आणून. माझा भाऊ स्वतः विणून देणार! मी फोन ठेवला तो शेजारच्या तीन घरी सांगूनच चूल पेटवली.

लिंबायत

लिंबायत म्हणजे सुरतेतला आपला मुलूख. गल्लीच्या तोंडाशी पानवाला गुजराती बोलेल, त्याच्या पुढे दोन घरं अहिराणी, मग मराठवाड्याकडची मंडळी, मग आमचे वऱ्हाडी. पण मी पोचले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं. दिवाळीला लूम बंद होतात आणि माणसं आपापल्या गावी जातात. सुदामची बायको छाया म्हणाली, "ताई, आता बरं हाय. एरवी लूमच्या आवाजात आपलंच बोलणं आपल्याला आयकू येत नाही." मला मात्र ती शांतता खटकली. एवढा कौतुकाचा भाऊ, त्याचा कारखाना मला गर्जताना ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदामने लोचो आणला. बेसनाचा, वाफवलेला, ढोकळ्याचा लाडावलेला धाकटा भाऊ म्हणा. वर लोणी, शेव, कांदा. मी विचारलं, सोबत ठेचा नाही का? दुकानदाराने हिरवी चटणी दिली होती, तीही गोड. इथे डाळीत गूळ, भाजीत साखर. मी छायाला म्हटलं, तुम्ही लोक रागावता तरी कसे गं एवढं गोड खाऊन? ती हसून म्हणाली, "तुमचे भाऊ रागावतात ना, बिना तिखटाचे."

लोचो चाखेपर्यंत शेजारचे निंबाभाऊ येऊन बसले. पारोळ्याकडचे. पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये काम करतात. त्यांची देवपूजा वेगळी, आमची वंदना वेगळी, पण सुदामच्या चीवराची बातमी त्यांना आधीच लागलेली.

"ताई, रंगनी काळजी करू नको," ते मला म्हणाले. "ते काम मन्हं शे."

गावाकडे मला असा शेजार आहे का, याचा मी विचार करून पाहिला आणि तो विषय सोडून दिला.

पलसाण्याच्या रस्त्यावर

सुदाम ज्या कारखान्यात काम करतो तो पलसाण्याच्या रस्त्यावर आहे. सुट्टीत एक लूम चालवायची परवानगी शेठने दिली होती. आत गेल्यावर लांबच लांब ओळीत झोपलेले लूम आणि कोपऱ्यात एकटाच जागा. त्याच्यावर पांढरं सुती सूत चढवलेलं. सुरतेत सुती म्हणजे अप्रूप. इथे जिकडे बघावं तिकडे पॉलिस्टर. पण चीवर ज्यांना द्यायचं त्या भंतेजींना उन्हाळ्यात पॉलिस्टर नेसवायचं का, असा सुदामचा सवाल. त्याने सूत शोधलं, ताणा भरला, चार रात्री जागून लूम सुतीला तयार केला.

त्याने खटका ओढला आणि एकट्या लूमने अख्खी शेड दणाणून टाकली. मी कापडावर हात ठेवला. उभं आयुष्य मी कापडात काढलंय, बोट लावलं की मला कळतं. एक गाठ नाही, एक धागा सुटलेला नाही. छातीत असं काही भरून आलं की मी दुसऱ्या लूमवरची धूळ पदराने पुसायला लागले.

तेवढ्यात माझी नजर काठाकडे गेली. तुम्ही कापडाच्या किनारीवर मिलचं नाव वाचलं असेल. इथे लूमच्या कडेला एक लहानसं यंत्र असतं, ते नाव विणत जातं. सुदामच्या हाताखालून आजवर जेवढं कापड गेलं त्याच्या काठावर कुठल्या ना कुठल्या शेठचं नाव होतं. या कापडाच्या दोन्ही काठांना, लाल सुतात, एकामागून एक, शिरोरेषेसकट मराठी अक्षरांत आमच्या आईचं नाव येत होतं.

आमची आई जन्मभर लोकांच्या शेतात निंदायला गेली. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, कारण सातबाराच नव्हता. रेशनकार्डावर होतं, तेही चुकीचं. आणि इथे सुरतेत, लूमच्या दणक्यागणिक, तिचं नाव इंचाइंचाने पुढे सरकत होतं.

"कसं हाय?" सुदामने ओरडून विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "शेठलोकांच्या तोंडात मारलीस रे, भावा!" आणि तो चष्मा काढून पुसायला लागला.

कामरेज

कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून एक छोटासा विहार आहे. पत्र्याची शेड, समोर पिंपळ, बाजूला हापसा. तिथे एकच भंते वर्षावासाला होते. लातूरकडचे, वयाने सुदामएवढे, आवाज असा की त्यांनी रागावून दाखवलं तरी कुणाला कळू नये. दानाच्या दिवशी पहाटेच सुदाम, छाया आणि मी तिथे पोचलो. त्यांनी समजावलं की कठिनाचा, म्हणजे वर्षावासानंतरच्या चीवरदानाचा, पूर्ण विधी करायला पाच भिक्खू लागतात, ते इथे नाहीत. तेव्हा आपण साधं चीवरदान करू. मात्र जुन्या रीतीने. दिवस उगवल्यावर कापड द्यायचं, त्याच दिवशी ते कापायचं, शिवायचं, रंगवायचं, आणि दिवस मावळायच्या आत चीवर तयार. मोठं चीवर नव्हे, कमरेला नेसायचं, अंतरवासक.

मी विचारलं, "अखंड कापड चांगलं असताना कापायचं कशाला, भंतेजी?"

"अखंड कापडाला बाजारात मोल असतं," ते म्हणाले. "तुकडे केले की ते कुणी विकत नाही, कुणी चोरत नाही, आणि नेसणाऱ्यालाही त्याचा फार मोह पडत नाही. मग ते तुकडे शेतांच्या बांधासारखे जोडायचे."

शिवणक्लासवालीला हे ऐकून जरा कसंतरीच झालं. पण मोहाचं कापड मोह जावा म्हणून कापायचं, यातली गंमत मला कळली. आमच्याकडे तर लोक पाहुण्यांसाठी घेतलेली चादर सात वर्षं कपाटातून काढत नाहीत.

भंतेजींनी कापड उलगडलं, सफाई पाहून मान डोलावली, मग काठ हातात घेऊन वाचला. "हे कोण?"

"आमची आई," सुदाम म्हणाला. लग्नात नवरदेव उभा राहतो तसा उभा होता.

"चांगलं नाव आहे." भंतेजींनी दोन्ही हातांनी कापडाची पुन्हा घडी घातली. "पण किनार काढावी लागेल, उपासक. चीवरावर नाव नसतं. ना देणाऱ्याचं, ना घेणाऱ्याचं."

सुदामचा चेहरा उतरला तो मला बघवेना. आणि मग तो बोलला, बिना तिखटाचा रागावणारा माझा भाऊ: "सारी उमर लोकायची नावं इनली मी. एक डाव मायच्या नावाचं इनलं, तर तेच कापाचं? कोनाचं काय घेतलं तिनं?"

मी तर त्याच्या वरताण. म्हटलं, "भंतेजी, मोठमोठ्या विहारांत संगमरवरी पाट्या बसवतात देणाऱ्यांच्या. आमच्या आईची एवढीशी किनार तुम्हाला जड झाली?"

भंतेजी चिडले नाहीत, तेच मला जास्त झोंबलं. म्हणाले, "मी कापणार नाही. आणि माझा मान राखायचा म्हणून तुम्हीही कापू नका. नाव ठेवायचं असेल तर कापड चादर म्हणून विहारात ठेवा, मी आनंदाने ठेवून घेईन. पण मग ते तुमच्या आईचं कापड राहील. चीवर व्हायचं तर ते कुणाचंच राहता कामा नये." एवढं बोलून ते जेवणाआधी पिंपळाखाली झाडायला गेले. बाराच्या आत त्यांचं जेवण व्हायचं होतं.

आम्ही तिघं ते कापड मध्ये घेऊन बसलो. ऊन वर चढत होतं. संध्याकाळपर्यंत चीवर झालं नाही तर ते त्या दिवसाचं दान होणार नव्हतं, आणि आईच्या नावाने बोलावलेली लिंबायतची उरलीसुरली गल्ली टेम्पोतून निघालेली होती.

आईच्या शेवटच्या महिन्यांत तिचं हगणं-मुतणं छायानेच काढलं, म्हणून तिच्यासमोर आम्ही दोघं बहीण-भाऊ जरा दबूनच असतो. ती म्हणाली, "आईनं घरात एवढी भांडी घेतली. एका भांड्यावर तरी आपलं नाव टाकलं काय?"

"नाही ना!" सुदाम उसळला. "म्हनून तर इनलं मी! तिले कोनी टाकू देलं नाही."

"कोनी नाही टाकू देलं? पैसे त्यायचे, भांडं त्यायचं, नाव टाकनारा दारात बसला होता. मी इचारलं होतं त्यायले, आई, तुमचं टाकू का? हासल्या. म्हने, मी कुठं वापरतो ते? जो वापरन त्याचं टाक." छायाने पदर सारखा केला. "आपल्या घरातल्या डब्यावर माह्यं नाव हाय. त्यायनंच टाकलं."

मला माझ्या घरातली आईने दिलेली परात आठवली. माझ्या नावाची. आजवर मला वाटत होतं की बिचारीला कुणी विचारलंच नाही. तिला विचारलं होतं आणि ती नको म्हणाली होती, हे मला त्या शेडमध्ये कळलं. आई गरीब होती म्हणून तिचं नाव कुठे नाही, असं धरून मी तिची कीव करत होते, आणि ती बाई आपली मजेत नावं वाटत सुटली होती. मला एकदम तिचा एवढा अभिमान वाटला की रडू आणि हसू एकदम आलं.

सुदाम उठला. माझ्या पिशवीतली कात्री घेतली. त्याने काठ गुडघ्यावर ताणून धरला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा सरळ कापत नेला की माझ्या क्लासातली एक पोरगी तशी कापेल तर शपथ. मग दुसरा काठ. कापून झाल्यावर तो हापशावर जाऊन तोंड धूत बसला. पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. एक मी हळूच गुंडाळून पर्समध्ये टाकली. दान कापडाचं होतं, पट्टीचं नव्हतं, असा मी मनाशी निवाडा केला.

जेवणानंतर भंतेजींनी स्वतः मोजून तुकडे कापले. टेम्पो आला, बायका उतरल्या. निंबाभाऊंनी बाभळीच्या सालीचा काढा मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला. आता शिवायचं. मी ऐटीत माझी दोऱ्याची रिळं काढली, सुया वाटल्या आणि सगळ्यांची मास्तरीण होऊन मधोमध बसले. निंबाभाऊंनी वाकून एक रीळ उचललं, दोरा चिमटीत धरून पाहिला.

"ताई, हाऊ दोरा रंग धराव नही. पॉलिस्टर शे ना हाऊ."

झालं! कापड शोधून शोधून सुती आणलं आणि शिवायला पॉलिस्टर. असली चूक फक्त सुरतेत होऊ शकते, जिथे सुई सोडली तर सगळं पॉलिस्टर आहे. मीही कधी विचार केला नव्हता, कारण आमच्याकडे कापड रंगूनच येतं, शिवून झाल्यावर कोण रंगवतं? चीवर तपकिरी होणार आणि टाके पांढरे चकचकीत दिसणार. दुकानं दिवाळीची बंद. सुदामकडे विणून उरलेलं सूत होतं, पण ते एकेरी. सुईतून दोन टाके ओढले की तटकन तुटायचं.

"दुहेरी पिळाचं पाह्यजे," सुदाम म्हणाला. "तसं फकस्त..." आणि तो थांबला.

तो का थांबला ते मला लगेच कळलं. किनारीवर ताण जास्त येतो, म्हणून तिथलं सूत दुहेरी पिळाचं असतं. पट्ट्या पडल्या होत्या तिकडे त्याची नजर गेली आणि जमिनीवर काहीच नव्हतं.

मी पर्स उघडली. सगळ्यांच्या देखत, आईचं नाव असलेली गुंडाळी बाहेर काढली. मी पट्टीच्या टोकाला सुई घालून एक धागा मोकळा केला आणि ओढला. तो नेमका शिरोरेषेचा होता. लांबच्या लांब निघत गेला आणि पट्टीभर जेवढ्या वेळा आईचं नाव होतं तेवढ्या वेळा त्यावरची रेघ निघून गेली. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. अक्षरं आधी झिजलेल्या दगडावरची असावीत तशी झाली, मग नुसते लाल ठिपके, मग तेही नाहीत. माझ्या मांडीवर सुताचा गुंता आणि हातात काहीच नाव नसलेली लोंबती आडवी सूतं. मी दात-ओठ आवळून ओढत होते. छाया धागे घेऊन सुयांत ओवत होती, बायका टाके घालत होत्या.

एका पट्टीचं सूत शेवटचे दोन बांध राहिले असताना संपलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उपडी करून दाखवली. "दुसरी माझ्याकडे नाही हो. शपथ."

तेव्हा सुदामने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि दुसरी गुंडाळी काढली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग आधी भंतेजी हसले, आणि मग शेड हसली. निंबाभाऊंना तर ठसकाच लागला. "एक बहीननी चोरी, एक भाऊनी चोरी!" सुदाम माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि आम्ही दोघांनी मिळून ती पट्टी उसवली. लहानपणी आईसोबत शेंगा सोलायला बसायचो तसे.

रंगाच्या पातेल्यातून चीवर निघालं तेव्हा टाके कुठे होते ते मलाही शोधावं लागलं. पांढरं सूत, लाल सूत, सगळं सालीच्या तपकिरी रंगात बुडून गेलेलं. वारा होता म्हणून बरं. दिवस उसाच्या शेंड्यांवर टेकला तेव्हा ते जेमतेम नेसण्याजोगं सुकलं होतं. भंतेजी आत जाऊन नेसून आले. आणि खरं सांगते, आमच्या आईचं म्हणून ओळखता येईल असं त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. कुठल्याही भिक्खूचं असतं तसं चीवर.

विहाराच्या सचिवांनी माईक हातात घेतला. दानाच्या वेळी दात्याचं नाव पुकारतात, आपल्याकडे तो मोठा मान. त्यांनी वाकून विचारलं, "नाव काय सांगू?"

सुदाम म्हणाला, "नाव नाही."

"असं कसं? लोकांना कळायला नको?"

"चीवर दिसून राह्यलं ना त्यायले," सुदाम म्हणाला.

सचिव बिचारे गोंधळले. त्यांनी चीवरदान झालं एवढंच जाहीर केलं आणि सगळ्यांनी 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. माझ्या पुढे बसलेली एक अनोळखी बाई, बहुधा कामरेजचीच, शेजारणीला म्हणाली, "कुण्या मोठ्या शेठनं दिलं असेल. एवढं सफाईचं कापड, आणि नाव सांगेना!"

शेठ! माझ्या जिभेवर सगळं आलं. मी तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले होते. सुदामनेही ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसला, आई हसायची तसा, खालमानेनं. मी हात मागे घेतला. एवढं गप्प बसायला मला जन्मात कधी जमलं नव्हतं, आणि आमच्या क्लासातली कुणी पोरगी यावर विश्वास ठेवणार नाही.

साड्यांच्या फर्माइशी मला त्यानंतर आठवल्याही नाहीत, तशीच गावी परतले. हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की काही झालं तरी इथे आईचं नाव लिहायचं, ठळक, मधोमध. कामरेजच्या त्या बाईला नाही तर निदान तुम्हाला कळावं. लिहिलंही. बराच वेळ बघत बसले. मग सुदामने गुडघ्यावर काठ ताणला होता तो आठवला, आणि पेनाने शिरोरेषेपासून सुरुवात करून खोडून टाकलं.